फँटसी रोलप्ले: बोलून खेळावा की लिहून?

गोव्यातल्या चार-पाच जणांचा गट जमवून ऑनलाइन फँटसी रोलप्ले, म्हणजे काल्पनिक जगातलं एकेक कॅरेक्टर घेऊन मिळून गोष्ट रचण्याचा खेळ, सुरू करायचा म्हटलं की आठवडाभर चर्चा होते ती कुठलं जग, कुठले नियम यावर. त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपच्या व्हॉइस चॅनेलवर वेळ ठरवून बोलत खेळायचं, की टेक्स्ट चॅनेलवर जमेल तसं पोस्ट लिहून? दोन्ही प्रकार मी खेळलोय, गेम मास्टर म्हणून, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि शत्रू खेळवणारा म्हणून, चालवलेतही. फासे, लेव्हल, क्लास वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. खेळाडूंच्या वाईट सवयी कुठे कमी नुकसान करतात, एवढ्यावरच इथे तोलतो. गट मोडताना पाहिलेत ते या सवयींपायीच.

आधी व्हॉइस. लढाई रंगते ती इथेच. चार खेळाडू आणि तीन-चार गॉब्लिन राक्षस असले तर चार राउंडची (एक राउंड म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी) लढाई पाऊण ते एक तासात उरकते. खेळातल्या घड्याळाप्रमाणे तो अवघा 24 सेकंदांचा मामला, कारण डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांत एक राउंड 6 सेकंदांचा. बोलताना कोंकणी, मराठी, इंग्रजी सरमिसळ चालते, कॅरेक्टर लगेच जिवंत होतं. फोनवर देवनागरी टाइप करायला बिचकणारा खेळाडूही मोकळा होतो. गट लहान ठेवा. गेम मास्टर धरून पाच माणसं पुरेत, सहावा आला की पाळी येईपर्यंत लोक दुसरी टॅब उघडून बसतात. पुश-टू-टॉक (बटण दाबलं तरच माइक सुरू) सक्तीचं करा, नाहीतर कोणाच्या तरी घरचा पंखा आणि मिक्सर सगळ्यांना ऐकावा लागतो. जूनपासून पावसात वीज गेली की राउटर बंद पडतो. त्याला छोटा यूपीएस जोडून ठेवा, शिवाय गेम मास्टर गळाला तर सेशन कोण आवरणार तेही आधीच ठरवा.

वेळ जुळवणं हे मोठं दुखणं. ऑक्टोबर ते मार्च हॉटेलात काम करणाऱ्यांना रविवार नसतो, वेर्ण्याच्या कारखान्यांतले शिफ्टप्रमाणे फिरत असतात. चवथीला (गणेश चतुर्थीला) तर कोणीच सापडत नाही. एक सेशन चुकलं की पुढचं पंधरा दिवसांवर जातं, तोवर अर्ध्या जणांना गोष्ट कुठवर आली होती तेच आठवत नाही.

तरीही एवढ्यासाठी मी व्हॉइसवर फुली मारली नसती. मला खुपतं ते दुसऱ्याचं कॅरेक्टर परस्पर चालवणं, ज्याला खेळाडू गॉडमॉडिंग म्हणतात. नमुना असा: ‘मी दाराआडून झेप घेतो, माझी कट्यार ऑर्कच्या नरड्यात शिरते आणि वैदू घाबरून माझ्या मागे लपतो.’ एका वाक्यात दोन अतिक्रमणं झाली. फासा पडायच्या आधीच वार लागला, आणि वैदूचं कॅरेक्टर घाबरलं की नाही हे भलत्याच माणसानं ठरवलं. हेच असं म्हणता येतं: ‘मी दाराआडून ऑर्कवर झेप घेतो, कट्यारीचा रोख त्याच्या नरड्यावर. वैदूला ओरडून सांगतो, माझ्या मागे ये!’ आता वार लागतो का ते फासा सांगेल, आणि मागे यायचं की तिथेच उभं राहून मंत्र म्हणायचा ते वैदू ठरवेल.

पेडण्याकडच्या दशावतारात संवादांची संहिता हातात नसते, नट आयत्या वेळी बोलतात. राक्षस ललकारी देतो आणि राजाच्या उत्तरासाठी थांबतो, राजाचं उत्तर तोच देऊन मोकळा होत नाही. रोलप्लेलाही एवढंच लागतं.

हे करणारा खेळाडू सहसा दुष्ट नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर सगळा प्रसंग आधीच तयार असतो, आणि तोंडही जलद चालतं. व्हॉइसवर वैदूवाली मुलगी माइक सुरू करेपर्यंत गेम मास्टरनं ऑर्कचा डाव सांगितलेला असतो, तिसरा खेळाडू बोलायला लागलेला असतो. वैदू लपला तो लपलाच. गेम मास्टरनं मध्येच थांबवावं तर सगळ्यांसमोर एकाला टोकल्यासारखं होतं, न टोकावं तर ती गप्प बसते. असं दोन-तीनदा झालं की ‘हल्ली वेळ मिळत नाही’ असा निरोप येतो आणि ती जागा रिकामी होते. खेळाची सूत्रं ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जातात. व्हॉइसवर मला याला खात्रीचा उपाय सापडला नाही. ‘निकाल सांगायचा नाही, प्रयत्न सांगायचा’ हा नियम पहिल्या दिवशी वाचून दाखवला तरी लढाई तापली की तो विसरला जातो.

लेखी खेळात हीच चूक पाच मिनिटांत निस्तरते. पोस्ट समोर असते. गेम मास्टर खेळाबाहेरच्या चॅनेलवर किंवा वैयक्तिक मेसेजमध्ये सांगतो, ‘शेवटचं वाक्य बदल, वैदूचं तिला लिहू दे.’ पोस्ट एडिट होते, शेजारी एडिटची खूण राहते, कोणाची शोभा होत नाही. तोवर पुढचा पोस्ट करणारा थांबू शकतो. चारदा असं झालं की माणूस आपसूक ‘शिरते’ऐवजी ‘रोखतो’ लिहायला लागतो.

बाकीच्या सवयींचंही बहुतेक असंच. सरायच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एकटा बसणारा, कोणाशी न बोलणारा वीर प्रत्येक गटात असतो. व्हॉइसवर त्याच्या एकट्याच्या भटकंतीसाठी बाकीचे खेळाडू वीस मिनिटं गप्प बसतात. टेक्स्टमध्ये त्याला वेगळं चॅनेल दिलं की दोन्ही प्रसंग समांतर चालतात. मेटागेमिंगही, म्हणजे कॅरेक्टरला माहीत नसलेलं खेळाडूनं वापरणं, आवरतं. टेहळणीला गेलेल्याला सापळा दिसला तर ते फक्त त्याला आणि गेम मास्टरला दिसणाऱ्या चॅनेलवर लिहायचं. व्हॉइसवर सगळ्यांनी ऐकलेलं असतं, मग ‘माझं कॅरेक्टर सहज खाली बघतं’ सुरू होतं. फाशांची लबाडी मात्र दोन्हीकडे सारखीच. वीस बाजूंच्या फाशावर 18 किंवा वर येण्याची शक्यता 15 टक्के, आणि घरच्या फाशावर कोणाला दर दुसऱ्या वेळी तेच येत असेल तर वाद घालू नका. सगळे फासे बॉटकडून, म्हणजे चॅनेलवरच्या आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामकडून, टाकून घ्या. ‘1d20+5’ (वीस बाजूंचा एक फासा, अधिक 5) लिहिलं की आकडा सगळ्यांसमोर पडतो.

लेखी खेळाचं दुखणं म्हणजे वाट बघणं, आणि ते लहान नाही. प्रत्येकाला वाटतं दुसरा लिहील, तिसऱ्या दिवशी चॅनेल थंड. लढाईत क्रमवार पाळ्या ठेवल्या तर चार खेळाडू आणि गेम मास्टर, रोज एक पोस्ट धरली तरी एक राउंड पाच दिवसांचा. चार राउंडना वीस दिवस लागतात, तोवर ऑर्कचा कोणाला राग उरत नाही. म्हणून क्रम मोडा. सगळे खेळाडू मिळून एक पाळी, 24 तासांत कोणीही कुठल्याही क्रमानं लिहावं, दुसऱ्या दिवशी गेम मास्टर सगळ्या शत्रूंचं एकत्र लिहील. राउंड दोन दिवसांवर येतो, लढाई आठवर. जो लिहिणार नाही त्याच्या कॅरेक्टरनं त्या राउंडला डॉज केला, म्हणजे फक्त वार चुकवले, असं धरा, म्हणजे त्याचं नुकसान कमी आणि गोष्ट पुढे. लढाई नसताना मुदत 48 तासांची. चवथ, जत्रा, परीक्षा यांची सुट्टी आधीच जाहीर करा. न सांगता गायब झालेल्याचं कॅरेक्टर दहा दिवसांनी गेम मास्टरनं घोड्यावर बसवून निरोपाला पाठवावं. मारू नये, लोक परत येतात.

पोस्ट किती लांब? साधारण 80 ते 120 शब्द. ‘मी पण जातो’ एवढंच लिहिलं तर पुढच्याला धरायला काही उरत नाही. कॅरेक्टरच्या आजोबांचा सगळा इतिहास ओतला तर बाकीचे वाचत नाहीत, आणि डिस्कॉर्ड फुकटच्या खात्याला 2000 अक्षरांवर अडवतोच. आधीच्या पोस्टला प्रतिसाद, मग आपला प्रयत्न, शेवटी पुढच्याला काही सुचेल असं एखादं टोक, एवढं पुरतं. टायपिंगचा कंटाळा असेल तर फोनच्या कीबोर्डवर मराठीत बोलून लिहिता येतं. विरामचिन्हं तेवढी नंतर तपासून घ्या.

गट जुन्या मित्रांचा असेल, सगळे एकमेकांना तोंडावर ‘गप बस रे’ म्हणू शकत असतील आणि रविवारची संध्याकाळ खरोखर मोकळी असेल, तर व्हॉइस घ्यायला हरकत नाही. लढाईची मजा तिथे जास्त आहे हे मान्यच. पण गटात एखादा जरी नवखा किंवा अबोल असेल, किंवा डिचोली, मडगाव आणि बोटीवर गेलेला एखादा अशी पांगापांग असेल, तर मी लेखीकडे झुकेन. दोन्ही जमवायचं असेल तर रोजचा खेळ लिहून खेळा आणि मोठी लढाई आली की तेवढ्यासाठी एक संध्याकाळ व्हॉइसवर जमा. त्या संध्याकाळी वैदूला पहिली पाळी द्या.