ट्रॉलरच्या इंजिनावरची उष्णतारोधक जॅकेटे : सोळा महिन्यांनंतर

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका मासेमारी ट्रॉलरच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर आम्ही काढता-घालता येणारी उष्णतारोधक जॅकेटे बसवली : मॅनिफोल्डला (सगळ्या सिलिंडरांमधला धूर एकत्र आणणाऱ्या नळाला) तीन, टर्बोला (त्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा भरणाऱ्या यंत्राला) एक आणि धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट पाइपला तीन. आमचे वर्कशॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहे आणि १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत अशी इंजिने आंबा घाट चढून ओव्हरहॉलिंगसाठी आमच्याकडे येतात. या इंजिनावर आधी अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी होती. ती पाण्याने भिजवून, दुहेरी पिशवीत बंद करून बाजूला काढली. असली दोरी झटकून पुन्हा गुंडाळण्याची जुनी सवय सोडावी, कारण तिचे तंतू फुप्फुसात गेले की वर्षानुवर्षे तिथेच राहतात. जहाजांवर नव्याने अ‍ॅस्बेस्टॉस बसवायला २०११ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे.

जॅकेटाच्या आत काचतंतूंची २५ मिलिमीटरची गादी, गरम बाजूला साधे काचेचे कापड आणि बाहेरून सिलिकॉनचा लेप दिलेले कापड असते. इंधन गळून ज्यावर उडू शकते असा २२० अंश सेल्सिअसपेक्षा गरम पृष्ठभाग झाकलेला असावा, असा मोठ्या जहाजांसाठी सोलासचा, म्हणजे सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, नियम आहे. मासेमारी बोटीला तो लागू नसला, तरी बोट लहान आहे की मोठी हे डिझेलला कळत नाही. पहिल्या हंगामात पूर्ण लोडवर टर्बोचे जॅकेट बाहेरून ६२ अंशांच्या वर गेले नाही, हे तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) तीनदा मोजून कळवले. (चकचकीत धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर तापमान कमी दाखवतो, उघडा पाइप मोजायचा असेल, तर तिथे उष्णतेला टिकणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका द्यावा.) टर्बोची फक्त एक्झॉस्टकडची बाजू झाकली आहे, बेअरिंगचा भाग आणि हवेकडची बाजू उघडीच ठेवावी लागते.

खरी परीक्षा जूनमध्ये धुताना झाली. जॅकेटांवर काजळी आणि मिठाचे पांढरे पापुद्रे होते. मीठ राहू देणे परवडत नाही, कारण ओल्या जॅकेटाखाली मिठातले क्लोराइड स्टेनलेसलाही भेगा पाडते. आमच्या वर्कशॉपमध्ये कोणतीही वस्तू रॉकेलने धुण्याचा रिवाज असल्यामुळे पहिले काम म्हणजे रॉकेलचा डबा कुलपात ठेवणे. कॉम्प्रेसरची हवा मारली की तंतू उडतात आणि प्रेशर वॉशरने आतली गादी एका कोपऱ्यात गोळा होते, म्हणून मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आधी व्हॅक्यूम क्लीनर फिरवला, नंतर सौम्य साबणाचे पाणी व मऊ ब्रश वापरून, न पिळता, गोड्या पाण्याने तीनदा खळबळून काढले.

धुणे एका दिवसात झाले. वाळवणे मात्र संपेना. कोल्हापूरच्या जुलैत रुमाल वाळत नाही, तिथे ही गादी काय वाळणार! आठ दिवस पत्र्याखाली टांगूनही टर्बोचे जॅकेट ताणकाट्यावर मूळ वजनापेक्षा ७०० ग्रॅम जास्त भरत होते. पाणी हवेपेक्षा वीसपटींहून जास्त उष्णता वाहून नेते, त्यामुळे ओले जॅकेट जवळजवळ निरुपयोगी असते. शेवटी शेजारच्या मोटर वाइंडिंगवाल्यांच्या वार्निश ओव्हनमध्ये ११० अंशांवर सहा तास ठेवल्यावर काटा मूळ वजनावर आला. नव्या जॅकेटाचे वजन बसवण्यापूर्वीच पितळी बिल्ल्यावर कोरून घ्यावे. हा बिल्ला नसता, तर आम्ही हाताला कोरडे लागते एवढ्यावर समाधान मानले असते.

मॅनिफोल्डच्या मधल्या जॅकेटाच्या बाबतीत मात्र मी चुकलो. इंजेक्टरच्या रिटर्न पाइपातून (उरलेले डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या नळीतून) गळलेले डिझेल आणि थोडे ऑइल त्याच्या खालच्या शिवणीतून आत मुरले होते. धुतल्यावर ते बाहेरून स्वच्छ दिसत होते, फक्त नाक जवळ नेल्यावर वास येत होता, आणि वजनही १५० ग्रॅम जास्त होते. नवे जॅकेट पहिल्यांदा तापतानाही आतला चिकट पदार्थ जळून थोडा धूर येतोच, म्हणून टेस्ट बेडवर (वर्कशॉपमध्ये इंजिन चालवून तपासण्याच्या चौथऱ्यावर) पहिली दहा मिनिटे मी धुराकडे दुर्लक्ष केले. मग शिवण आतून लाल दिसू लागली. इंजिन बंद करून, सांडशीने जॅकेट ओढून पाण्याच्या बादलीत टाकले, तेव्हा कुठे ते विझले. तेल असंख्य तंतूंवर पातळ पसरते, हवेशी हळूहळू संयोग पावून तापते आणि ती उष्णता गादीतच कोंडून राहते. त्यामुळे एरवी पेट घेण्याच्या तापमानापेक्षा बरेच खाली ते धुमसू लागते. ही घटना समुद्रात, इंजिनरूमच्या बंद झाकणाखाली घडली असती, तर काय झाले असते याची कल्पना मिरकरवाड्यातल्या कोणालाही करता येईल.

तक्रार एकच आहे. दोन जॅकेटांची गरम बाजूकडची शिवण पहिल्याच हंगामात जळून सुटली, म्हणजे दोरा साधा वापरलेला होता. पुरवठादाराने जॅकेट धुतल्याचे कारण दाखवून हमी नाकारली, जरी धुता येण्याजोगे म्हणूनच त्याने ते विकले होते. आम्ही स्टेनलेसच्या बारीक तारेने शिवून घेतले. ऑगस्टपासून ते टिकले आहे.

धुतलेली सहा जॅकेटे आज बोटीवर आहेत आणि टर्बोचे जॅकेट ६५ अंश दाखवते. मधले जॅकेट नवे घेतले, रिटर्न पाइपाखाली पत्र्याची पन्हळ लावली, आणि तांडेलाला सांगून ठेवले आहे की डिझेलचा वास आला तर ते जॅकेट धुवायला पाठवू नका, काढून टाका.