सीनिअर पास: आरव्ही घ्यायच्या आधी हे ८० डॉलरचं कार्ड घ्या

रिटायर झाल्यावर आरव्ही (आत राहता-झोपता येईल अशी घरासारखी गाडी) घेऊन अमेरिका फिरायची असं म्हणणारे आपले मराठी लोक हल्ली बरेच भेटतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, गाडी कुठली घेऊ? क्लास ए (बससारखी मोठी) की क्लास सी (ट्रकच्या केबिनमागे बांधलेली, त्याहून छोटी), फिफ्थ व्हील (पिकअप ट्रकने ओढायचा मोठा ट्रेलर) की साधी व्हॅन? माझं म्हणणं असं की आधी सीनिअर पास, म्हणजे ज्येष्ठांसाठीचं अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांचं आणि इतर सरकारी जागांचं प्रवेशाचं कार्ड, काय देतो आणि काय देत नाही ते नीट समजून घ्या आणि मग डीलरकडे जा, कारण गाडी किती फुटांची हवी याचं अर्धं उत्तर त्या कार्डात आहे. आम्ही दोघं हा पास घेऊन आमच्या छोट्या क्लास सी मधून फिरतो, त्या अनुभवावरून हा रिव्ह्यू लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वय ६२ पूर्ण पाहिजे, आणि सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले पाहिजेत. आयुष्यभराचा पास ८० डॉलर, एका वर्षाचा २० डॉलर, आणि असे चार वर्षांचे चार पास जमले की ते देऊन आयुष्यभराचा मिळतो. ऑगस्ट २०१७ पर्यंत हाच पास फक्त १० डॉलरला मिळायचा, त्यामुळे जुने लोक अजून हळहळतात, पण ८० सुद्धा मला अजिबात महाग वाटत नाही, यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, झायन असल्या मोठ्या पार्कांची एका गाडीची एंट्री ३५ डॉलर आहे म्हणजे तिसऱ्या पार्कच्या गेटवरच पैसे वसूल. नॅशनल पार्क सर्व्हिस, फॉरेस्ट सर्व्हिस, बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, सरकारी मोकळ्या जमिनी बघणारं खातं), फिश अँड वाइल्डलाइफ, ब्युरो ऑफ रेक्लमेशन आणि आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स अशा सहा खात्यांच्या जागांवर हा एकच पास चालतो.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. मुलांकडे ग्रीन कार्डवर राहायला आलेल्या आई-बाबांनाही हा पास मिळतो, सिटिझन असायची गरज नाही, आणि हे बऱ्याच घरात माहीतच नसतं. बाबा गाडीत बसलेले असले, पास आणि फोटो आयडी त्यांच्याकडे असला, की गाडी मुलगा चालवत असला तरी गाडीतले सगळे आत. जिथे गाडीमागे नाही तर माणशी पैसे घेतात तिथे पासवाला आणि त्याच्यासोबत तीन मोठी माणसं, आणि १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तसेही पैसे पडत नाहीत. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना स्वतःचा पास मिळत नाही, पण पासवाल्याच्या गाडीत बसून ते जाऊ शकतात. पास एकाच माणसाच्या नावाचा असतो, नवरा-बायको दोघांचा मिळून एक असं नाही, त्यामुळे यांच्या नावाचा पास घेऊन मी एकटी गेले तर चालणार नाही. दोघंही वेगवेगळं फिरणारे असाल तर दोन घ्या.

आता खरा मुद्दा. गेटवर वाचणारे पैसे चांगलेच आहेत पण आरव्हीत राहणाऱ्याला त्याचं फार कौतुक नसतं, कारण महिन्याचा खर्च गेटवर होत नाही, तो रात्रीच्या मुक्कामावर आणि गाडीच्या पेट्रोलवर होतो. पासची खरी ताकद म्हणजे या सरकारी खात्यांच्या खूपशा कॅम्पग्राउंडवर साइटचं, म्हणजे गाडी लावून राहायच्या जागेचं, भाडं निम्मं होतं. निम्मं! महिन्यातले दहा-बारा दिवस जरी अशा जागी काढले तरी बजेटमध्ये लगेच कळतं, आणि जागा म्हणाल तर प्रायव्हेट आरव्ही पार्कसारखी शेजाऱ्याच्या खिडकीला खिडकी नाही, झाडं असतात, मोकळं असतं, रात्री आकाश दिसतं.

पण या जागा बांधल्या कधी ते बघा. नॅशनल पार्कमधली कितीतरी कॅम्पग्राउंड १९३० च्या दशकातली किंवा मिशन ६६ नावाचा मोठा कार्यक्रम झाला, १९५६ ते १९६६, त्या काळातली आहेत. तेव्हा लोक तंबू नाहीतर छोटे ट्रेलर घेऊन यायचे, चाळीस फुटांची चार स्लाइडवाली (बाजूचे भाग बाहेर सरकवून आत जागा वाढवणारी) गाडी कोणाच्या स्वप्नातही नव्हती, त्यामुळे वळणं अरुंद, साइट आखूड, झाडं अगदी कडेला, आणि वीज-पाणी-सीवरचे हुकअप (गाडीला जोडायची कनेक्शन) बहुतेक ठिकाणी नाहीतच. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला हे एकदम समोरासमोर बघायला मिळतं. मेदर कॅम्पग्राउंड पार्क सर्व्हिसचं, झाडांमधलं, लांबीची मर्यादा ३० फूट, हुकअप नाही, डंप स्टेशन (टँकमधलं सांडपाणी सोडायची जागा) आहे. जवळच ट्रेलर व्हिलेज, फुल हुकअप, ५० फुटांपर्यंत गाड्या मावतात, पण ते प्रायव्हेट कंपनी चालवते आणि दरही त्यांचेच. यलोस्टोनमधलं फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क तसंच, हुकअप आहेत, पण ते कन्सेशनवाल्यांकडे (पार्कने कंत्राट दिलेल्या प्रायव्हेट कंपनीकडे) आहे आणि पासची निम्म्या भाड्याची सवलत तिथे मिळत नाही.

आता आलं ना लक्षात? पास सगळ्यात जास्त कामाला येतो तो छोट्या आणि स्वतःच्या बळावर राहू शकणाऱ्या गाडीला. आमच्या ओळखीतल्या एका काका-काकूंनी रिटायरमेंटला ३८ फुटी फिफ्थ व्हील घेतली, आतून अगदी फ्लॅट आहे, किचनमध्ये आयलंड सुद्धा, आणि त्यांच्याकडेही हाच पास आहे, पण तो ते फक्त गेटवर दाखवतात, मुक्काम कायम प्रायव्हेट पार्कात पूर्ण भाड्याने. एकाच जागी दोन-तीन महिने राहायला त्यांना ती गाडी मस्तच आहे, पण पार्क फिरायचे हा ज्याचा मुख्य हेतू आहे त्याने २५ फुटांच्या आसपास राहावं असं माझं स्पष्ट मत आहे, फार तर २८-२९. आणि रस्तेही तेच सांगतात. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर अ‍ॅव्हलांच ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडी जाऊच देत नाहीत, बंपर धरून. बिग बेंड नॅशनल पार्कच्या चिसोस बेसिनला २४ फुटांच्या वरची आरव्ही आणि २० फुटांच्या वरचा ट्रेलर आणू नका असं सांगतात. झायनचा माउंट कार्मेल बोगदा १९३० सालचा, ११ फूट ४ इंच उंच किंवा ७ फूट १० इंच रुंद गाडी झाली की तिथे मोठी गाडी समजतात आणि नियम वेगळे लागतात, आणि क्लास सी सुद्धा सहज त्यात मोडते बरं का, तेव्हा जायच्या आधी पार्कच्या वेबसाइटवर ताजे नियम बघाच. मागे छोटी कार ओढत नेणारे असाल तर आरव्ही कॅम्पग्राउंडवर लावून कारने फिरता येतं, तो मार्ग चांगला आहे, पण साइटची लांबी मोजताना ती कारही कुठे लावणार ते धरा.

लांबीनंतरचा प्रश्न विजेचा. हुकअप नाही म्हणजे रात्री हीटरचा पंखा, दिवे, पाण्याचा पंप, फोन चार्जिंग हे सगळं तुमच्या बॅटरीवर. जुन्या लेड अ‍ॅसिड बॅटरीतली साधारण निम्मी वीजच वापरायची असते नाहीतर ती लवकर मरते, लिथियममधली जवळजवळ सगळी वापरता येते आणि वजनही खूप कमी. म्हणून डीलर लेदर सोफा आणि मोठा टीव्ही दाखवत असेल तेव्हा तुम्ही शांतपणे विचारा की बॅटरी किती अँपिअर-अवरची आहे, छपरावर सोलर किती वॅट आहे, आणि फ्रेश (स्वच्छ पाणी), ग्रे (भांडी-आंघोळीचं सांडपाणी), ब्लॅक (टॉयलेटचं) टँक किती गॅलनचे आहेत. आमच्या अनुभवात सगळ्यात आधी ग्रे टँक भरतो, बाकी दोन नंतर, कारण भांडी आणि आंघोळ, म्हणून दोघांनी बिनहुकअपचं चार-पाच दिवस राहायचं तर तो टँक मोठा बघूनच घ्या. एसी मात्र बॅटरीवर चालेल अशी आशा ठेवू नका, त्याला भलीमोठी सिस्टिम लागते, आणि जनरेटर लावायला कॅम्पग्राउंडवर तास ठरलेले असतात. उन्हाळ्यात उंचावर आणि थंडीत दक्षिणेला, असं हवामान बघून फिरलात तर एसीची गरजच कमी पडते.

ज्यांना वीज हवीच आहे त्यांच्यासाठी या पासमधला माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची कॅम्पग्राउंड. नाव ऐकून लोकांना वाटतं लष्कराची जागा आहे, आपल्याला कशाला आत सोडतील, पण ही धरणांच्या तलावांकाठची सगळ्यांसाठी खुली कॅम्पग्राउंड आहेत, टेक्सस, आर्कान्सा, मिझुरी, जॉर्जिया असल्या राज्यांत भरपूर. पुष्कळ ठिकाणी साइटवर वीज आणि पाणी दोन्ही असतं, साइट मोठ्या असतात, समोर पाणी, आणि पासवर भाडं निम्मं. मोठी गाडी आधीच घेऊन बसलेल्यांनी हा पास घ्यावा तो यासाठीच. सकाळी चहाचा कप घेऊन तळ्याकाठी बसायचं आणि दिवसभर कुठेही जायचं नाही असे आमचे दिवस इथेच गेलेत, आणि रिटायरमेंट कशासाठी घेतली ते अशा दिवशी कळतं.

बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह वर होतं, तिथे पासचा नंबर टाकला की भाडं आपोआप कमी होतं, रिझर्व्हेशन फी मात्र वेगळी आणि त्यात सवलत नाही. पोचल्यावर कार्ड दाखवावं लागतं आणि पासवाला स्वतः तिथे मुक्कामाला पाहिजे, मुलाला आपला नंबर देऊन बुक करायला सांगाल तर ते बरोबर नाही. सवलत पासवाल्याच्या एका साइटला, दुसरी साइट घेतली तर पूर्ण पैसे. काही ठिकाणी हुकअपचे वेगळे पैसे लावतात त्यात सूट नसते, ग्रुप साइटलाही नसते. चांगल्या जागा सहा महिने आधी उघडतात आणि मिनिटांत जातात, पण आपण रिटायर आहोत हाच इथे आपला मोठा फायदा, रविवारी ते गुरुवारी बघा, सुट्ट्यांचे दिवस टाळा, कॅन्सल झालेल्या साइट रोज पुन्हा येत असतात.

कुठे चालत नाही तेही माहीत पाहिजे. स्टेट पार्कला अजिबात नाही, त्यांचे पास वेगळे. माउंट रशमोरला एंट्री फुकटच आहे, पैसे पार्किंगचे घेतात, ते कन्सेशनवाल्याचं आहे आणि हा पास तिथे चालत नाही, ६२ च्या वरच्यांना त्यांची स्वतःची निम्मी सवलत आहे. अ‍ॅरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळ हिवाळाभर हजारो आरव्ही वाळवंटात उतरतात, ती बीएलएमची लाँग टर्म एरिया, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिलचं परमिट १८० डॉलर, त्यावर सीनिअर पासची सूट नाही, पण सात महिन्यांसाठी १८० म्हणजे मुळातच किती स्वस्त. आणि बीएलएमच्या मोकळ्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं त्याला कुठलाच पास लागत नाही. कॅम्पग्राउंडलाही साधारण १४ दिवसांचीच मर्यादा असते, त्यामुळे घर विकून कायमचं आरव्हीत जाणाऱ्यांनी सगळा महिना निम्म्या भाड्यावर धरू नये. आमचा हिशोब असा की काही दिवस निम्म्यात, काही फुकट, आणि मधून कपडे धुवायला, टँक रिकामे करायला, नीट आंघोळीला फुल हुकअपचं प्रायव्हेट पार्क, तिथे पैसे देताना मी कुरकुर करत नाही.

अजून एक, हे पासबद्दल नाही पण वयाबद्दल आहे आणि ते बोलल्याशिवाय मला राहवत नाही. पास ६२ ला मिळतो, सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) सुद्धा कमी रकमेत ६२ पासून घेता येते, त्यामुळे ६२ झाले की निघू या असं वाटतं. पण मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी हेल्थ इन्शुरन्स) बहुतेकांना ६५ ला सुरू होतं. मधल्या तीन वर्षांचा हेल्थ इन्शुरन्स हा आरव्हीच्या हप्त्यापेक्षा मोठा खर्च ठरू शकतो, आणि जो प्लॅन घ्याल तो तुमच्या राज्याबाहेर इमर्जन्सी सोडून काही देतो का हे विचारायलाच हवं. मेडिकेअर आल्यावरही तेच, मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजचे (प्रायव्हेट कंपन्यांमार्फत घ्यायचे) कितीतरी प्लॅन ठरावीक भागातल्या डॉक्टरांचे असतात, ओरिजिनल मेडिकेअर मात्र ते घेणाऱ्या कुठल्याही राज्यातल्या डॉक्टरकडे चालतं, फिरतीवरच्या माणसाला हा फरक फार मोठा आहे. गाडीच्या बजेटच्या आधी हा आकडा कागदावर लिहा.

माझ्याकडून पासला पाचपैकी पाच. अर्धा स्टार कापायचा म्हटलं तर कापायला कारण एकच, कार्ड हरवलं तर बदली मिळत नाही, पुन्हा विकत घ्यायचं. पार्कच्या गेटवर जाऊन घेतलात तर ८० मध्येच काम होतं, पोस्टाने मागवलात तर वर प्रोसेसिंगचे पैसे पडतात. वयाचा आणि सिटिझनशिपचा किंवा ग्रीन कार्डचा पुरावा सोबत न्या, मागे सही करा, आणि नंबरचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा म्हणजे बुकिंग करताना पाकीट शोधायला नको.