शोकेसच्या फॉर्मवर ‘पिचर’च्या शेजारी काय लिहावं?

बेसबॉल शोकेस म्हणजे कॉलेजचे कोच आणि स्काउट (खेळाडू हेरणारे) यांच्यासाठी मुलांची मोजमापं घेण्याचा दिवस. त्याच्या नोंदणी फॉर्मवर दोन रकाने असतात, प्रायमरी पोझिशन आणि सेकंडरी पोझिशन. पहिल्यात ‘पिचर’ (बॅट्समनकडे चेंडू फेकणारा) लिहिताना कुणाचा हात अडखळत नाही. दुसऱ्यात मात्र गेल्या मोसमात शाळेच्या टीममध्ये जिथं उभं केलं होतं ती जागा लिहून पालक मोकळे होतात. हे परीक्षण मुख्यतः त्या दुसऱ्या रकान्याचं आहे, कारण अमेरिकेत पोराला कॉलेज बेसबॉलकडे न्यायला निघालेल्या मराठी आईबापांचे पैसे आणि पोराचा खांदा, दोन्ही तिथंच वाया जातात.

ही सेवा विकणाऱ्यांत दोन नावं मोठी. आयोवात 1990च्या दशकात सुरू झालेलं परफेक्ट गेम आणि इलिनॉयमधून 2005 साली निघालेलं प्रेप बेसबॉल. त्याशिवाय स्थानिक आयोजक आणि कॉलेजांचे स्वतःचे कँप आहेतच. फी साधारण दोनशे डॉलरपासून सहा-सातशेपर्यंत, हॉटेल आणि पेट्रोल वेगळं. बदल्यात मिळतं काय? मोजमाप. 60 यार्ड धावण्याची वेळ, रडारवर फेकीचा वेग, कॅचरचा (बॅट्समनमागे चेंडू पकडणाऱ्याचा) पॉप टाइम, म्हणजे चेंडू पकडून सेकंड बेसवर पोचवायला लागणारा वेळ, बॅटचा वेग, थोडा व्हिडिओ आणि नावासमोर कायम राहणारा आकडा. शिकवणं या पॅकेजमध्ये नसतं. कोचिंग मिळेल म्हणून जाणाऱ्यांची निराशा ठरलेली.

मोजमापाला मात्र आमचे पूर्ण गुण. लेझरवर घेतलेली वेळ आणि माउंडवरचा (पिचर जिथून फेकतो त्या उंचवट्यावरचा) रडारचा आकडा कोचला दहा ईमेलांपेक्षा जास्त सांगतो. फिल्डिंगचा भाग तितकाच पोकळ. शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फिल्डरला) मारलेले सहा-आठ ग्राउंड बॉल (जमिनीवरून जाणारे चेंडू), त्यात दोन समोर, दोन बॅकहँड, एखादा धावत येऊन उचलायचा, एवढ्यावर कुणी शॉर्टस्टॉप कळत नाही. कळतात ते पाय आणि हात. पहिलं पाऊल कुठं पडतं, चेंडू ग्लव्हमधून हातात किती झटकन येतो, फर्स्ट बेसपर्यंतची फेक सरळ जाते की वर चढते. म्हणून ‘मुलगा कुठं खेळतो’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. त्या सहा-आठ चेंडूंत पिचर म्हणून त्याच्याबद्दल काहीतरी चांगलं दिसेल अशी जागा कोणती, ते बघावं.

उजव्या हाताच्या पिचरसाठी आमची पहिली पसंती शॉर्टस्टॉप, पण एका अटीवर. 60 यार्ड सात सेकंदांच्या आत यायला हवेत. मेजर लीगमध्ये (अमेरिकेच्या अव्वल व्यावसायिक लीगमध्ये) पिचर म्हणून गाजलेला जेकब डिग्रॉम स्टेट्सन विद्यापीठात शॉर्टस्टॉप होता आणि तसाच पिचर ट्रेवर हॉफमनही आधी शॉर्टस्टॉपच. स्काउट त्या जागेकडे पाहतात ते अंगातली चपळाई माउंडवर नेता येते म्हणून. 60 यार्ड 7.4 सेकंदांत धावणाऱ्या मुलाने शॉर्टस्टॉप लिहिलं तर पुढचं कुणी वाचत नाही. त्याने थर्ड बेस लिहावं. तिथून फर्स्टचं अंतर 127 फुटांच्या वर आहे, हात दिसतो आणि मंद पाय झाकले जातात.

राइट फिल्ड, म्हणजे आउटफिल्डची (मैदानाच्या मागच्या भागाची) उजवी बाजू, ही सगळ्यांत फसवी आणि काही मुलांसाठी सगळ्यांत फायद्याची जागा. आउटफिल्डमधून फेकताना दोन-तीन पावलांची धाव मिळते, त्यामुळे बहुतेक मुलांचा आकडा माउंडपेक्षा जास्त येतो. माउंडवर ताशी 81 आणि राइट फिल्डमधून ताशी 88 माइल वेगाने फेकणारा मुलगा दिसला की कोच पेन उघडतो. हात आहे, माउंडवरची क्रिया अजून बसलेली नाही, ती बसवता येईल. हीच तफावत उलटी असेल, म्हणजे माउंडवर 85 आणि आउटफिल्डमधून 82, तर त्या रकान्यात राइट फिल्ड लिहून स्वतःच्या हाताने कमकुवत आकडा का छापून घ्यायचा? फॉर्म भरण्याआधी शेजारच्या मैदानावर साध्या पॉकेट रडारने दोन्ही आकडे घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे.

डावखुऱ्यांना फारसा पर्याय नाही: फर्स्ट बेस किंवा आउटफिल्ड. फर्स्ट बेसला कोच बॅट विचारतो. बॅट खणखणीत नसेल तर ती जागा लिहिणं म्हणजे बॅट नसल्याची जाहिरात. पाय चांगले असतील तर सेंटर फिल्ड, नाहीतर सरळ फक्त पिचर. डावखुरा पिचर दोन-तीन माइल कमी वेगातही खपतो, त्याला दुसऱ्या रकान्याची फारशी गरज नसते. उजव्या हाताच्या पिचरने फर्स्ट बेस लिहू नये, यावर आमच्यात वाद नाही.

आता कॅचर. इथं बरेच पालक मेजर लीगमधला पिचर पॉल स्कीन्सचं उदाहरण देतात. तो एअर फोर्स अकादमीत कॅचिंग आणि पिचिंग दोन्ही करायचा आणि 2022 मध्ये दुहेरी खेळाडूंसाठीचा जॉन ओलरुड पुरस्कारही त्यालाच मिळाला. पुढचं वाक्य सोयीस्करपणे गाळलं जातं: एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) गेल्यावर त्याने फक्त पिचिंग केलं आणि 2023 च्या ड्राफ्टमध्ये (मेजर लीगच्या संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत) तो पहिला निवडला गेला. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या पिच स्मार्ट नियमावलीत (किशोर पिचरांच्या खांद्यासाठीचे नियम) एकाच सामन्यात पिचर आणि कॅचर होऊ नये असं साफ म्हटलंय. कॅचरच्या फेकी कुणी मोजत नाही, पण प्रत्येक पिच (पिचरने टाकलेला चेंडू) परत फेकावी लागते आणि सेकंड बेसवर पूर्ण ताकदीच्या पाच फेकी वेगळ्या. पॉप टाइम दोन सेकंदांच्या आसपास असेल तर त्यासाठी स्वतंत्र शोकेस घ्या, त्याच दिवशी माउंडवर चढू नका.

दिवसाचं वेळापत्रक हीच या सेवेची सगळ्यांत मोठी खोट. बहुतेक ठिकाणी क्रम असा: सकाळी धाव, मग आउटफिल्डच्या फेकी, मग इनफिल्ड, मग कॅचर, मग बॅटिंगच्या एक-दोन फेऱ्या, आणि दुपारनंतर पिचर. म्हणजे साडेआठला गरम केलेला हात दोन वाजता पुन्हा तापवायचा, मध्ये जोरदार सहा आउटफिल्ड फेकी झालेल्या. हिशेब करा: वॉर्मअपच्या तीसेक, आउटफिल्डच्या सहा, इनफिल्डच्या आठ, पुन्हा वॉर्मअपच्या वीस-पंचवीस आणि मग खऱ्या पंचवीस पिच. नव्वदच्या आसपास फेकी होतात आणि कागदावर मोजल्या जातात पंचवीस. रडारवरचा आकडा दोन माइल घसरला की पालक रडार गनला दोष देतात. नोंदणीआधी आयोजकाला एवढंच विचारावं की पिचरची वेळ किती वाजता, आणि फक्त पिचर म्हणून वेगळी, स्वस्त नोंदणी आहे का. काहींकडे असते. तीच घ्यावी.

पिच स्मार्टनुसार 15 ते 18 वयात 31 ते 45 पिचनंतर एक दिवस विश्रांती, 46 ते 60 नंतर दोन. शिवाय वर्षातून चार महिने स्पर्धेतलं पिचिंग बंद आणि त्यातले दोन-तीन सलग महिने खांद्यावरून फेकणंच बंद. डिसेंबरमधल्या इनडोअर शोकेसची जाहिरात कितीही आकर्षक असली तरी ती नेमकी या विश्रांतीत घुसते. मेजर लीगने डिसेंबर 2024 मध्ये पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला, त्यातही वेगाचा हव्यास आणि लहान वयातली शोकेस यांवर बोट ठेवलंय.

माउंडवरच्या त्या वीस-पंचवीस पिचचा क्रम आधी ठरलेला असावा. आठ-नऊ फास्टबॉल दोन्ही कडांना, पाच-सहा ब्रेकिंग (वळणारे), चार चेंजअप (मुद्दाम मंद टाकलेले) आणि शेवटच्या पाच स्ट्रेचमधून, म्हणजे बेसवर धावपटू असताना घ्यायच्या आखूड पवित्र्यातून. पहिल्याच तीन चेंडूंत जीव ओतणारा मुलगा नवव्या चेंडूपर्यंत खांदा वेळेआधी उघडतो (फिरवतो), मग स्लायडर (वेगाने बाजूला वळणारा चेंडू) जमिनीवर आपटायला लागतो. व्हिडिओत नेमकं तेच राहतं.

दोन्ही जागा खरंच लिहाव्यात का, हा प्रश्न अलीकडे बदललाय. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या पातळीवर, आधी 11.7 शिष्यवृत्त्या 27 जणांत वाटल्या जायच्या. 2025-26 पासून हाउस खटल्याच्या (कॉलेज खेळाडूंना पैसे देण्यावरून झालेल्या) तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना 34 जणांची मर्यादा आली. जागा मोजक्या झाल्या की पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा एक खेळाडू एक जागा वाचवतो, हे खरं. पण त्याची बॅटही त्या पातळीची लागते. टीममध्ये सातव्या नंबरवर बॅटिंग करणाऱ्याला कोणी दुहेरी म्हणून घेत नाही. डिव्हिजन थ्रीत खेळाची शिष्यवृत्तीच नाही, मात्र दोन्ही खेळायची संधी तिथं आणि ज्युनियर कॉलेजात (अमेरिकेतलं दोन वर्षांचं कॉलेज) जास्त मिळते. तिथला रस असेल तर त्या कॉलेजाचा स्वतःचा कँप घ्या. आमच्या मते दुसरी जागा दाखवायला मोठ्या शोकेसपेक्षा तो कधीही बरा, कारण तिथं निर्णय घेणारा कोच स्वतः ग्राउंड बॉल मारत असतो.

वेळ चुकली तर जागा बरोबर निवडूनही उपयोग नाही. डिव्हिजन वनचे कोच अकरावी सुरू होण्याआधीच्या 1 ऑगस्टपासूनच मुलाशी थेट बोलू शकतात. म्हणून दहावीनंतरच्या जून-जुलैतलं एक चांगलं शोकेस पैसे वसूल करतं. आठवी-नववीतली तीन शोकेस म्हणजे वाढत्या अंगाचे तीन जुने आकडे.

शोकेस झालं की दोन दिवसांत निवडक कॉलेजांना ईमेल जावा. विषयाच्या ओळीत नाव, पदवीचं वर्ष, ‘उजव्या हाताचा पिचर, थर्ड बेस’, उंची, माउंडवरचा नेहमीचा वेग आणि जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी). एकदा लागलेला सर्वोच्च आकडा लिहू नका. ‘83 ते 85’ लिहा, कारण कोच बघायला येईल तेव्हा मुलगा 84 फेकणार आहे.