मॉड लावलेलं स्कायरिम: ३०६० घ्यावं की ४०६०?

स्कायरिम हा कॉम्प्युटर गेम मॉड (खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्या) न टाकता खेळणार असाल तर एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० आणि ४०६० या दोन ग्राफिक्स कार्डांपैकी कुठलंही डोळे झाकून घ्या. मूळ खेळ २०११चा, स्पेशल एडिशन २०१६ची; दोन्ही कार्डांना ते जड नाही. प्रश्न उभा राहतो तो मॉड ऑर्गनायझर या मॉड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधली यादी हजाराच्या पुढे गेल्यावर. फोर-के टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली बारीक तपशिलाची चित्रं), दाट गवत, लांबच्या डोंगरांसाठी डिनडोलॉड आणि वरून प्रकाश-सावल्या सुधारणारं ईएनबी.

मी आधी ८ जीबीचं ४०६० घेतलं होतं. नवं, वेगवान, आणि वीज ११५ वॅटच खातं. ३०६०ला १७० लागतात. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत बसून खेळणाऱ्याला ५५ वॅटची उष्णता अंगाला जाणवते. लाईट गेली की यूपीएसवर थोडा वेळही जास्त मिळतो. हे मी आजही मान्य करतो.

पण खेळातल्या रिफ्टन शहराच्या वाटेवरचं ते पिवळ्या झाडांचं रान! कोपऱ्यातला आकडा सेकंदाला ५८-६० फ्रेम (चित्रं) दाखवायचा, आणि मान वळवली की चित्र अर्धा सेकंद जागीच थिजायचं. चार पावलं चाललो की पुन्हा तेच. लढाईत तलवार उगारली आणि नेमका तेव्हा झटका बसला की जीव नुसता वैतागायचा. सावल्या कमी केल्या, गवत विरळ केलं, फरक शून्य. शेवटी व्हीरॅमचा, म्हणजे कार्डातल्या मेमरीचा, आकडा स्क्रीनवर आणला, तर तो साडेसात जीबीच्या वर जाऊन चिकटलेला. कार्डातली जागा संपली की उरलेली टेक्स्चर साध्या रॅममध्ये जातात आणि लागतील तशी पीसीआय एक्स्प्रेस या कार्ड आणि मदरबोर्डमधल्या मार्गावरून ओढून आणावी लागतात. त्यात ४०६०ला आठच लेन, ३०६०ला सोळा.

गड्ड्याच्या यात्रेला आतेभाऊ आला, तेव्हा त्याचं १२ जीबीचं ३०६० माझ्या मशीनमध्ये घालून बघितलं. सेव्ह तोच, वाट तीच. फ्रेम चार-पाच कमी पडल्या, व्हीरॅम साडेनऊपर्यंत चढला, आणि रिफ्टनच्या वेशीपर्यंत घोडा एकदाही अडखळला नाही. पुढच्याच महिन्यात मी कार्ड बदललं.

४०६०चा जास्तीचा वेग इथे फारसा कामीही येत नाही. या खेळाचं फिजिक्स ६० फ्रेमला बांधलेलं आहे. त्यापुढे गेलात की टेबलावरची भांडी उडायला लागतात. त्यावर मॉड मिळतो, पण मला ६० पुरतात. प्रोसेसरचं म्हणाल तर एकेका कोरचा वेग बघा, कोरची संख्या नाही. रॅम ३२ जीबी.

नवे खेळही तितकेच खेळत असाल, फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानेच बनवून घालणं) हवं असेल, किंवा टेक्स्चर टू-केवर ठेवायची तयारी असेल, तर ४०६० घेणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. हा अनुभव माझ्या यादीचा आहे, तुमची हलकी असू शकेल. पण यादी वाढतेच, आणि कार्डाची मेमरी मागाहून वाढवता येत नाही.

३०६० घ्यायला गेलात तर डब्यावर १२ जीबी लिहिलंय हे स्वतः वाचा. याच नावाचं ८ जीबीचं कार्डही बाजारात आहे.