चालू व्हीएममधून उपकरण काढताना: मूळ पीसीआयई की एसीपीआय?

पुण्यात बाणेर-हिंजवडी भागात स्वतःच्या सर्व्हरवर क्यूएमू (व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवणारे सॉफ्टवेअर) वापरणारे चमू मला वारंवार विचारतात, की क्यू३५ या मशीन टाइपच्या (क्यूएमू व्हीएमला देते त्या आभासी हार्डवेअरचा एक प्रकार) चालू व्हीएममधून डिस्क किंवा नेटवर्क कार्ड काढण्यासाठी पीसीआयई या उपकरणे जोडण्याच्या मानकाची मूळ हॉटप्लग (यंत्र चालू असताना उपकरण जोडण्या-काढण्याची) पद्धत ठेवावी की एसीपीआय या फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिममधल्या मानकाची. दोन्हींत ‘डिव्हाइस_डेल’ ही क्यूएमूची आज्ञा केवळ विनंती असते. ती लगेच परत येते, उपकरण मात्र गेस्टने (व्हीएममध्ये चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने) सोडल्यावरच निघते.

मूळ पद्धतीत क्यूएमू रूट पोर्टचे (उपकरण बसवण्याच्या पीसीआयई जागेचे) अटेन्शन बटन (उपकरण काढायचे आहे हे कळवणारे बटन) दाबल्याचे गेस्टला भासवते. लिनक्स गेस्ट मग पॉवर इंडिकेटर (त्या जागेचा दिवा) लुकलुकता ठेवून ५ सेकंद थांबतो, कारण खऱ्या सर्व्हरपाशी उभ्या असलेल्या माणसाला चूक उमगली, तर तेवढ्या वेळात बटन पुन्हा दाबून त्याला काढणे रद्द करता यावे. व्हीएमपाशी असा माणूस नसतो. आमची एक स्क्रिप्ट ३ सेकंद वाट पाहून तीच विनंती पुन्हा पाठवत असे, आणि तेव्हाची जुनी क्यूएमू ते दुसऱ्यांदा बटन दाबणे समजून गेस्टला कळवत असल्याने काढणेच रद्द होई; डिस्क जागची हलेना, आणि कारण सापडायला आमची एक अख्खी रात्र गेली. नव्या आवृत्त्या अशी दुसरी विनंती त्रुटी दाखवून नाकारतात.

एसीपीआयमध्ये हा थांबा नाही. गेस्ट सूचना मिळताच ड्रायव्हर सोडवतो आणि उपकरण बाहेर काढणारी एसीपीआयची इजेक्ट मेथड चालवतो. क्यूएमूच्या २०२१ मधल्या ६.१ आवृत्तीपासून क्यू३५ वर हीच पद्धत डीफॉल्ट आहे आणि नव्या व्हीएमसाठी मी निःसंकोच हीच सुचवीन. मात्र पुढे लागतील तेवढे रूट पोर्ट व्हीएम सुरू करतानाच मोकळे ठेवावे लागतात. जुन्या मशीन टाइपचे व्हीएम लाइव्ह मायग्रेशनने (चालू असतानाच दुसऱ्या सर्व्हरवर) हलवायचे असतील, तर त्यांची पद्धत मधेच बदलू नये.

गेस्ट बूटलोडरवर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामवर) अडकलेला असेल, तर कोणतीही पद्धत घेतली तरी विनंती पडून राहते. पुढे गेस्ट रीसेट झाला, की राहिलेले काढणे आपोआप पूर्ण होते. म्हणून उपकरण निघाल्याचे कळवणारा क्यूएमूचा ‘डिव्हाइस_डिलीटेड’ हा ईव्हेंट आल्याशिवाय डिस्कची इमेज फाइल पुसू नये. लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारी लायब्ररी) वापरत असाल, तर त्याचा उपकरण काढण्याचा डिटॅच कॉल यशस्वी परतला तरी उपकरण व्हीएममध्येच असू शकते. तिथेही उपकरण निघाल्याच्या ईव्हेंटचीच वाट पाहावी.