मॅकेना यांचा भाग: राजकारण झकास, बँक उरकलेली

राजकारण सोडून उद्योगात गेलेल्यांच्या चरित्रांचं ऑडिओ अ‍ॅप आहे. मी वर्गणी भरली ती कॅनडाच्या फ्रँक मॅकेना यांच्या भागासाठी. पाचपैकी साडेतीन तारे.

वकिलीचा काळ मस्त रंगवलाय. खुनाचा आरोप असलेला मुष्टियोद्धा इव्हॉन ड्युरेल 1977 मध्ये निर्दोष सुटला, त्याचे वकील हेच. पुढे 1987 मध्ये न्यू ब्रन्सविक प्रांतात त्यांच्या लिबरल पक्षाने 58 पैकी 58 जागा जिंकल्या. विरोधी बाकावर औषधालाही माणूस नाही! इंग्रजी-फ्रेंच दोन्ही येणारी माणसं हे प्रांताचं भांडवल आहे हे ओळखून त्यांनी कॉल सेंटरं आणली. उद्योजकांसाठी स्वतःच्या नावाचा टोल-फ्री नंबरसुद्धा काढला. सेल्समन मुख्यमंत्री म्हणा ना. दहा वर्षांनी, 1997 मध्ये, आपणहून खुर्ची सोडली. आपल्याकडे शोधून दाखवा.

मग वॉशिंग्टनमधली राजदूतकी, आणि 2006 पासून टीडी बँकेचं उपाध्यक्षपद. इथे अ‍ॅपवाल्यांनी घाई केली. मी आयुष्यभर बँकेत कर्जविभाग सांभाळला, मला नेमकं हेच ऐकायचं होतं. असा माणूस कर्जाची फाइल तपासायला घेत नाहीत. बड्या ग्राहकांची दारं उघडायला घेतात. मग सत्तेतल्या ओळखी कुठवर वापराव्यात? या प्रश्नाला निवेदक हातच लावत नाही.

आवाज स्वच्छ आहे, पार्श्वसंगीत मात्र उगाचच. वर्गणी घेण्याआधी नमुन्याचा भाग फुकट मिळतो, तो ऐकून ठरवा.