टाटा म्हणजे टॅक्सी, ह्युंदाई म्हणजे भरवसा? नेक्सॉन, बीई ६ की क्रेटा

इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायचा विषय निघाला की घरातले एक तरी काका बोलणारच: "टाटाची? ती टॅक्सीवाल्यांची गाडी! महिंद्रा गावाकडच्या रस्त्यांना ठीक. घ्यायची तर ह्युंदाई घे, विकताना चार पैसे येतील." काकांचं अगदीच चूक नाही. टाटाची इंडिका १९९८ च्या शेवटी आली आणि पुढे कित्येक वर्षं स्टेशनाबाहेर तीच उभी असायची. डिझेलची ती खडखड आणि गिअर टाकतानाची ओढाताण ज्यानं सोसली, त्याचं मत तसंच होणार. पण हे मत इंजिन, क्लच आणि गिअरवरचं आहे. इलेक्ट्रिक गाडीत क्लच नाही, गिअर बदलणं नाही, ऑइल बदलणं नाही. बिघडलंच तर बहुधा सॉफ्टवेअर, चार्जर किंवा १२ व्होल्टची छोटी बॅटरी.

सुरक्षिततेचंही तेच. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची टक्कर-चाचणी करणाऱ्या संस्थेनं भारतातल्या पाच गाड्या आपटून पाहिल्या: नॅनो, अल्टो ८००, आय१०, फिगो आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही जणींना शून्य तारे, आणि त्यात 'जर्मन म्हणजे मजबूत' असलेली पोलोही आली. भारतीय गाडीला पहिले पाच तारे मिळाले ते डिसेंबर २०१८ मध्ये, टाटाच्या नेक्सॉनला. ह्युंदाईच्या क्रेटाला एप्रिल २०२२ च्या चाचणीत तीनच मिळाले होते. अर्थात ती पेट्रोल-डिझेलवाली क्रेटा. तो निकाल इलेक्ट्रिकला चिकटवू नका, नाहीतर तुम्हीही काकांसारखेच. नेक्सॉन ईव्ही आणि महिंद्राची बीई ६ या दोघींना भारत एनकॅपचे, म्हणजे आपल्याकडच्या सरकारी टक्कर-चाचणीचे, पाच तारे आहेत.

आता तिघींना शेजारी उभं करू.

नेक्सॉन ईव्ही ४५ सगळ्यात स्वस्त. बॅटरी ४५ किलोवॅट-तासांची (एक किलोवॅट-तास म्हणजे विजेचं एक युनिट), एका चार्जमध्ये कागदावर ४८९ किलोमीटर. टाटा स्वतःच प्रत्यक्ष वापरातला आकडा ३५० ते ३७० सांगते, हे मला आवडतं. ऑफिस, शाळा, मंडई आणि महिन्यातून एखादी लांबची फेरी एवढ्यासाठी ती पुरून उरते. मागे तिघं मोठी माणसं बसली की मात्र खांद्याला खांदा लागतो. सॉफ्टवेअरच्या तक्रारी मालकांकडून ऐकू येतात, आणि सर्व्हिसचा अनुभव शहराप्रमाणे बदलतो. जुन्या प्रतिमेतलं जर काही आजही उरलं असेल तर ते इथे.

बीई ६ चाकणला बनते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती आली तेव्हा 'बीई ६ई' नावावरून इंडिगो विमान कंपनीनं ('६ई' हा तिचा कोड) कोर्ट गाठलं आणि 'ई' गळाला. ५९ आणि ७९ किलोवॅट-तास असे दोन पर्याय, आली तेव्हा किंमत १८.९० लाखांपासून होती. मोठ्या बॅटरीची गाडी पुणे-नागपूरसारख्या अंतराला खरी कामाची: ताकदवान चार्जर मिळाला तर २० ते ८० टक्के वीस मिनिटांत. पण तेवढ्या ताकदीचा चार्जर वाटेत हवा ना! तो नसेल तर वीस मिनिटांचा दावा ब्रोशरमध्येच राहतो. 'महिंद्रा म्हणजे जीप' म्हणणाऱ्याला आत बसवा, तो गप्प होईल. लढाऊ विमानाच्या कॉकपिटसारखी आहे. आणि तीच तिची खोड. मागची सीट अंधारी, खिडक्या छोट्या. आजीला दोन तास बसवून बघा आणि मग ठरवा. घरच्या चार्जरचे पैसेही वेगळे मोजावे लागतात, ते भावात धरा.

क्रेटा इलेक्ट्रिक जानेवारी २०२५ मध्ये १७.९९ लाखांपासून आली. ४२ आणि ५१.४ किलोवॅट-तास, फास्ट चार्जिंग ५० किलोवॅटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के सुमारे तासाभरात. म्हणजे चहा नाही, जेवणच. बटणं जिथल्या तिथे, बैठक उंच, शिकायला काही नाही. मात्र बॅटरी तळाशी असल्यानं मागच्या सीटवर गुडघे थोडे वर येतात. सर्व्हिसबद्दलचा काकांचा भरवसा इथे अजून खरा आहे.

माझ्या मते खरा फरक वॉरंटीत आहे. महिंद्रा आणि टाटा पहिल्या खाजगी मालकाला बॅटरीची 'आयुष्यभर' वॉरंटी देतात. टाटाच्या कागदात आयुष्य म्हणजे नोंदणीपासून १५ वर्षं. ह्युंदाईची ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. दुसऱ्या मालकाला मात्र 'आयुष्यभर' तसंच मिळत नाही. म्हणून पाच वर्षांत विकणार असाल तर ती ओळ नीट वाचा. 'विकताना पैसे येतात' हे गणित इलेक्ट्रिकमध्ये अजून बसलेलंच नाही, कोणत्याच कंपनीचं.

खर्चाचं थोडक्यात: घरची वीज युनिटला १२ रुपये धरली आणि युनिटला साडेसहा किलोमीटर, तर किलोमीटरला दोन रुपयांच्या आत. लिटरला बारा किलोमीटर देणारी पेट्रोल एसयूव्ही शंभरीपार पेट्रोलवर आठ-नऊ रुपये खाते. रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर भरलं तर हा फायदा बराच आटतो. खोपोलीहून बोरघाट चढताना बॅटरीचा टक्का भराभर उतरतो, उतारावर त्यातला काही परत येतो. म्हणून पुण्याकडे येताना खालीच थोडं जास्त भरून घ्या.

स्वतःचं पार्किंग आहे आणि फिरणं शहरातलंच, तर नेक्सॉन. लांबचा प्रवास सतत आहे, मागे मुलंच बसणार आहेत, तर ७९ ची बीई ६. आईबाबा रोज मागे बसणार असतील, जवळ चांगलं टाटा-महिंद्रा सेंटर नसेल, तर क्रेटा. दोन पैसे जास्त गेले तरी. टेस्ट ड्राइव्हला काकांना मागच्या सीटवर बसवा.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी सोसायटीकडून चार्जिंग पॉइंटची एनओसी लेखी घ्या. "लावा हो, काय होतंय" असं तोंडी म्हणणारे सेक्रेटरी वायर मीटर-रूममधून ओढायची वेळ आली की मीटिंग बोलावतात.